आबांच्या पाठीवरचं शिबं, नाकाजवळची जखम आणि ‘बुरशीमुळे कॅन्सर’वाला मेसेज

मांडवाखाली | १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मी नाशिकला नोकरीला, आई-आबा गावी. आबांचं वय ७१. त्यांच्या पाठीवर आणि छातीवर शिबं आहे, म्हणजे फिकट पांढरट चट्टे, मला कळतं तेव्हापासून. पावसाळा लागला की पसरतं, थंडीत मंदावतं. आजवर घरात कुणी त्याची दखलही घेतली नव्हती.

गेल्या आठवड्यात भाऊबंदांच्या ग्रुपवर मेसेज आला की कातडीवरच्या बुरशीमुळे त्वचेचा कॅन्सर होतो असं शास्त्रज्ञांना सापडलंय. आईने तो वाचला आणि त्या दिवसापासून आबांची पाठ वजरीने घासायला घेतली. आधी लिंबू लावून, मग खायचा सोडा लावून. काल गेलो तर पाठ लालभडक, दोन ठिकाणी साल निघालेली. आबा तक्रार करणाऱ्यातले नाहीत. सदरा पाठीला चिकटतो, एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट, आणि मला याचीच जास्त धास्ती वाटतेय. आबांच्या नाकाच्या उजव्या बाजूला एक पुटकुळी आहे. ते म्हणतात दाढी करताना लागलं. आई म्हणते संक्रांतीच्या आधीपासून आहे. खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली. कडा जरा उचललेली आणि चकचकीत. दुखत अजिबात नाही.

शिबं म्हणजे त्या मेसेजमधली बुरशी का? चाळीस वर्षांच्या शिब्यामुळे नाकावर हे झालं असेल का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

गोदाकाठची | १२ जुलै, रात्री १०.०५

दादा, आधी ती वजरी बंद करा. आजच, आत्ता फोन करून. सोललेल्या जागी साधं व्हॅसलिन लावा, लिंबू-सोडा काही नको. मी ३१ वर्षं परिचारिका होते. घरच्या माणसाने मायेने घासघासून केलेल्या जखमा फार पाहिल्यात. आईंना रागावू नका, त्या घाबरल्या आहेत.

नाकाजवळच्या पुटकुळीसाठी मात्र या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरकडे जा. सहा महिने बरी न होणारी जखम दाढीच्या पात्याची नसते.

काचपट्टी | १२ जुलै, रात्री ११.२०

मी नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, शिब्याचे नमुने आमच्याकडे नेहमी येतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. शिबं ज्या बुरशीमुळे होतं तिचं नाव मालासेझिया. ती यीस्ट आहे, म्हणजे एकपेशीय बुरशी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ साली कोंड्यात तिचं वर्णन केलं, त्यांच्यावरूनच पुढे हे नाव पडलं.

आता सगळ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट. ही बुरशी बाहेरून आलेला रोग नाही. तुमच्या, माझ्या, हा धागा वाचणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगावर ती आत्ता आहे. स्वतःची स्निग्धाम्लं तिला बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या कातडीतल्या तेलग्रंथींच्या तेलावर जगते. तेल जिथे जास्त तिथे तिचं गाव: डोकं, कपाळ, नाकाच्या कडा, छाती, पाठ. वयात येताना तेल वाढतं तशी ती वाढते. तळहात-तळपायावर तेलग्रंथी नसतात, तिथे तिचा जम बसत नाही. प्रयोगशाळेत बहुतेक जाती नेहमीच्या माध्यमावर उगवतच नाहीत, वरून ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो. म्हणून आबांच्या पाठीला खोबरेल चोळणार असाल तर तेही थांबवा.

शिबं ओळखायची खूण म्हणजे चट्ट्यावर नखाने हलकं खरवडलं की पिठासारखा बारीक भुगा निघतो. तो काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, काच किंचित ऊबवायची आणि थोड्या वेळाने पाहायचं. आखूड, वाकडे शेवयांचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये साबुदाण्यासारख्या गोल पेशींचे घोस दिसतात. इतक्या वर्षांनीही ते चित्र दिसलं की मी क्षणभर थांबून बघतो.

कॅन्सरचा भाग उद्या लिहितो. घाईत लिहिण्यासारखा नाही तो.

निफाडकर | १३ जुलै, सकाळी ६.५०

म्हणजे द्राक्षावरच्या भुरी बुरशीसारखंच झालं की. भुरीचे बीजाणू कुठल्या बागेत नसतात? हवामान जमलं की उठते, नाही जमलं की दबून राहते.

काचपट्टी | १३ जुलै, सकाळी ७.१५

बरोबर. घाम, दमट हवा, तेलकट कातडी हे तिचं हवामान.

ओपीडीनंतर | १३ जुलै, दुपारी ३.३०

त्वचारोग विभागात निवासी डॉक्टर आहे. फोटो न बघता निदान करणार नाही, आणि फोटो इथे टाकूही नका. पण उचललेली, मोत्यासारखी चकाकणारी कडा, मधे खपली, अधूनमधून रक्त आणि वेदना नाही, हे वर्णन बेसल सेल कार्सिनोमाशी जुळतं. हा त्वचेचा कॅन्सर आहे, पण फार सावकाश वाढणारा. दुसऱ्या अवयवात तो अतिशय क्वचित पसरतो. मात्र राहू दिला तर जागेवरच पोखरत जातो, आणि नाक-डोळ्याजवळ ते महागात पडतं. वेळेत कापून काढला की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. घाबरू नका, पण थांबूही नका.

एक विचारते. आबा बागेत टोपी घालतात का? कडा असलेली हॅट म्हणतेय मी.

मांडवाखाली | १३ जुलै, रात्री ८.५५

गांधी टोपी. एप्रिलच्या खरड छाटणीला पन्नास वर्षं त्याच टोपीत. तेव्हा वेलीवर पान नसतं, मांडवाखाली सावली म्हणून नसते. नाक पूर्ण उन्हात.

परवा सकाळची वेळ घेतली आहे.

काचपट्टी | १३ जुलै, रात्री ११.४५

आता मेसेजमागची गोष्ट. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्यामागे खरं संशोधन आहे, पण मेसेजने त्याचा शेंडा-बुडखा कापून टाकलाय.

आपल्या कातडीतल्या पेशींवर काही रिसेप्टर असतात, डेक्टिन-२ आणि मिंकल या नावांचे. ते मालासेझियाच्या बाहेरच्या आवरणातले घटक ओळखतात. ओळख पटली की शरीर इंटरल्युकिन-१७ नावाचा संदेश सोडतं आणि बुरशी आटोक्यात राहते. झुरिकच्या संशोधकांनी २०१९ साली उंदरांवर हे दाखवलं. इंटरल्युकिन-१७ चा मार्ग बंद केला की कातडीवर बुरशी माजली. पण त्याच प्रयोगांत असंही दिसलं की कातडीचा वरचा पडदा आधीच फाटलेला असेल तर हीच प्रतिक्रिया दाह वाढवते.

कॅन्सरचा धागा इथे जोडला जातो. उंदरांमध्ये रसायन लावून कातडीवर गाठी आणण्याची जुनी पद्धत आहे. ज्या उंदरांत इंटरल्युकिन-१७ चा मार्ग तोडला होता, त्यांच्यात गाठी कमी झाल्या. म्हणजे हा संदेश लांबत गेला तर दाह राहतो, दाहात पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात, आणि त्यातली एखादी आधीच उन्हाने बिघडलेली असेल तर तिला वाढायला रान मोकळं मिळतं.

दुसरा मार्ग रसायनांचा. ही बुरशी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल कुळातली संयुगं बनवते. त्यातलं एक इंडिरुबिन, आपल्या निळीच्या कुळातलं. ही संयुगं पेशीतल्या अ‍ॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टरला जाऊन चिकटतात. डायऑक्सिनसारखी विषारी रसायनं चिकटतात तो हाच रिसेप्टर. तेलकट, खवलेदार त्वचादाह असलेल्या रुग्णांच्या अंगावरून घेतलेली यीस्ट ही संयुगं जास्त बनवताना आढळली. त्यावरून ग्रीक संशोधकांनी २०११ साली प्रश्न मांडला की बेसल सेल कार्सिनोमात या यीस्टचा वाटा असू शकेल का? त्यांनी तो गृहीतक म्हणून मांडला होता. मेसेजवाल्यांनी त्याचा निकाल करून टाकला.

निफाडकर | १४ जुलै, सकाळी ६.३०

इंटरल्युकिनचं मला असं समजलं, चुकलं तर सांगा. मणी भरले की बागेला राखण लागते. राखण्याने गोफण फिरवली की पाखरं उडतात. पण तो दिवसरात्र धोंडेच मारत बसला तर पाखरांपेक्षा घडच जास्त फुटतील.

काचपट्टी | १४ जुलै, सकाळी ७.४०

भाऊ, यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं. तुमच्या परवानगीने हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

एक_बहीण | १४ जुलै, दुपारी १२.१०

माझ्या धाकट्या भावाची किडनी बदलली आहे. प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या रोज चालू आहेत. वरचं वाचून वाटलं की प्रतिक्रिया कमी म्हणजे कॅन्सरही कमी. पण डॉक्टर तर त्याला उन्हापासून जपायला सांगतात. हे कसं?

ओपीडीनंतर | १४ जुलै, सायंकाळी ६.२०

ताई, फार बरं झालं विचारलंत. उलटं आहे. अवयव बदललेल्या रुग्णांमध्ये त्वचेचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार) इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त होतो. प्रतिकारशक्तीचं एक काम जंतूंना आवरणं, आणि दुसरं काम बिघडलेल्या पेशी हेरून मारणं. गोळ्यांनी दुसरं कामही मंदावतं. त्यातली अ‍ॅझाथायोप्रिन ही गोळी तर कातडीला उन्हातल्या ए प्रकारच्या अतिनील किरणांपुढे आणखी हळवी करते. म्हणून त्याच्यासाठी पूर्ण बाह्या, हॅट, सनस्क्रीन आणि वर्षातून एकदा डोक्यापासून पायापर्यंत त्वचेची तपासणी. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कमी करू द्यायच्या नाहीत, किडनी जाईल.

राखणदार झोपला तरी नुकसान, आणि उगाच धोंडे मारत बसला तरी नुकसान. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं लिहिलेली पुडी बाजारात दिसली की मला याचीच आठवण होते. वाढवायची म्हणजे नेमकं कुठलं काम वाढवायचं?

सिडकोचा_फार्मासिस्ट | १४ जुलै, रात्री ९.३०

दुकानात रोज निदान चार जण शिबं किंवा गजकर्णासाठी ‘ती ट्यूब द्या’ म्हणून येतात. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून माणूस खूश. पण स्टिरॉइडने तिथली प्रतिक्रियाच दबते आणि बुरशी आरामात पसरते. कातडी पातळ होते ते वेगळंच. २०१८ साली केंद्राने लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी मागणारे मागतात. मी देत नाही, त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली. चालेल.

गोदाकाठची | १५ जुलै, सकाळी १०.१५

दाहाचा विषय निघालाय तर आपल्याच मातीतलं एक सांगते. सतत चिघळणाऱ्या कातडीत कॅन्सर होतो हे आपल्याकडच्या डॉक्टरांनी फार पूर्वी दाखवून दिलंय. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या कॅन्सरवर लिहिलं. कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट आवळून तिथली कातडी काळी, जाड, खवलेदार होते, आणि पुढे एखाद्याला तिथेच कॅन्सर. काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना पोटा-मांड्यांवर व्हायचा. भाजल्याच्या जुन्या व्रणात होतो तोही याच जातीचा. बायकांत साडीच्या, परकराच्या नाडीखाली. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकिगत ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दिली होती. त्यातली एक तर लुगडं नेसणारी होती.

वॉर्डात असताना कमरेवर नाडीचा काळा पट्टा नसलेली म्हातारी बाई मला क्वचितच भेटली. मी प्रत्येकीला नाडी सैल करायला किंवा रुंद पट्टी लावायला सांगायचे. हसायच्या. एक जण म्हणाली, ‘सिस्टर, सैल नाडीने शेतात वाकता येतं का?’ ती काही खोटं बोलत नव्हती.

इथे बुरशीचा संबंध नाही, मला माहीत आहे. पण वर्षानुवर्षं जळत राहिलेली कातडी कशी बिथरते ते यावरून कळतं. म्हणूनच त्या वजरीवर मी पहिल्या दिवशी एवढी चिडले होते.

निफाडकर | १५ जुलै, दुपारी २.००

आणि फवारण्या? आम्ही मोरचूद-चुना मारतो, गंधक मारतो, डाऊनी रोगाला आणखी काय काय मारतो. त्याने कातडीला काही?

ओपीडीनंतर | १५ जुलै, रात्री १०.४०

याचा एक जुना दाखला आहे आणि तो द्राक्षबागेतलाच. जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात द्राक्षांवर आर्सेनिकची औषधं मारत. कामगार ती हाताळत, श्वासातून घेत आणि वर त्याच द्राक्षांची घरगुती दारू पीत. वर्षांनंतर त्यांच्या तळहातांवर चामखिळीसारखे टणक दाणे आणि अंगावर त्वचेचे कॅन्सर दिसू लागले. १९४२ साली तिथे बागांतलं आर्सेनिक बंद झालं, पण रुग्ण पुढे कित्येक वर्षं येत राहिले. मोरचूद-चुना म्हणजे तांबं आणि कळीचा चुना, त्यात आर्सेनिक नाही. तरी हातमोजे, पूर्ण कपडे आणि फवारणी संपताच अंघोळ यात सूट नाही. प्रत्येक औषधाच्या डब्यावरचं वाचा.

काचपट्टी | १६ जुलै, रात्री १२.०५

या बुरशीवर एकतर्फी आरोपपत्र दाखल होऊ नये म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

नाक तेलकट असतं म्हणून तिथे यीस्ट जास्त. पण नाकावर ऊनही सगळ्यात जास्त पडतं. बेसल सेल कार्सिनोमा तिथे दिसला तर गुन्हा कुणाचा? उन्हाचा पुरावा भक्कम आहे. अतिनील किरण पेशीच्या डीएनएवर आपली ठरावीक खूण सोडतात आणि ती खूण या गाठींत सापडते. शिवाय ट्रिप्टोफॅनवर अतिनील किरण पडले की कातडीतच एक संयुग बनतं आणि तेही त्याच अ‍ॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टरला चिकटतं. म्हणजे ज्या दारावर यीस्ट थाप मारते, त्याच दारावर ऊन रोज थापा मारतंय.

उलट ही यीस्ट पिटिरियासिट्रिन नावाचं रंगद्रव्य बनवते, ते अतिनील किरण शोषतं. आणि शेजारच्या जिवाणूंचं पाहा. आपल्या कातडीवर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचा एक वाण असं संयुग बनवतो की ते मिळालेल्या उंदरांत अतिनील किरणांनी होणाऱ्या गाठी कमी झाल्या. हे २०१८ चं काम. आपल्या अंगावर राहणारे सगळेच वैरी नाहीत.

स्वादुपिंडाचं प्रकरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं की स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मालासेझिया भरपूर सापडते आणि प्रतिकारशक्तीच्या कॉम्प्लिमेंट साखळीला (रक्तातल्या प्रथिनांच्या एका फळीला) चेतवून गाठ वाढवते. जगभर बातम्या झाल्या. २०२३ साली दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासली, तर बुरशीचा तसा ठोस पुरावा त्यांना दिसला नाही. तेही ‘नेचर’मध्येच छापून आलं. पहिली बातमी आईंच्या फोनपर्यंत पोचते, दुसरी पोचत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मांडवाखाली | १७ जुलै, रात्री ९.१०

परवा जाऊन आलो. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि लगेच तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायचा आहे. पाठीच्या चट्ट्यांना कापसाचा बोळा लावून ‘कळतंय का’ विचारलं. ते कशासाठी?

गोदाकाठची | १७ जुलै, रात्री ९.३५

कुष्ठरोगातही फिकट चट्टे येतात, पण तिथे बधिरता असते. आबांना कापूस कळला ना? मग झालं.

मांडवाखाली | २६ जुलै, रात्री १०.३०

रिपोर्ट आला. बेसल सेल कार्सिनोमा. ओपीडीनंतर ताई, तुम्ही पहिल्या दिवशी नाव घेतलं होतं म्हणून कागदावर तो शब्द वाचताना हात कमी थरथरला. मंगळवारी काढला. गालाची थोडी कातडी सरकवून शिवलंय. गाठीच्या कडा मोकळ्या आल्या, म्हणजे सगळी निघाली. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, शिब्यामुळे झालं का? ते म्हणाले, पन्नास उन्हाळे मोजा. मेलॅनिनमुळे आपल्याकडे हा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा कमी होतो, होतच नाही असं नाही.

शिब्याला किटोकोनाझोलचा शांपू दिलाय, पाठीला लावून पाच मिनिटांनी धुवायचा. बुरशी गेली तरी पांढरे डाग भरायला काही महिने लागतील असं आईला दोनदा सांगितलं. डाग दिसतात म्हणून तिने पुन्हा घासायला घेऊ नये.

आणि काचपट्टी दादा, तुमचं वाचून मी तिथल्या लॅबमध्ये विनंती केली होती. त्यांनी आबांना सूक्ष्मदर्शकातून त्यांच्याच पाठीचा भुगा दाखवला. आबा चष्मा काढून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग आईला बोलावलं. ‘ये, बघ. भुरी अशीच दिसत असंल पानावर.’ आईने पाहिलं. काही बोलली नाही. घरी आल्यावर न्हाणीतली वजरी उचलून तिने बाहेरच्या कोनाड्यात ठेवली.

टाके सोमवारी निघतील. ऑक्टोबर छाटणीच्या आत कडा असलेली हॅट घ्यायची आहे. वाकून काम करताना पडणार नाही अशी, हनुवटीखाली बंद असलेली नाशिकमध्ये कुठे मिळेल?

सिडकोचा_फार्मासिस्ट | २६ जुलै, रात्री १०.५०

मेनरोडला बघा. बंद नसला तर शिवून घ्या, कापडी घ्या. प्लॅस्टिकची घेतली तर घाम साचेल आणि शिबं कपाळावर येईल.